रात्री आठनंतरचं दुखणं

२५ मुलं, वय चार ते आठ, सगळ्यांची ऑपरेशनं झालेली. अमेरिकेत आयोवा इथल्या जोॲन ईलंड या परिचारिकेने सत्तरच्या दशकात त्यांचे केसपेपर काढून वेदनाशामकांचे डोस मोजले. १३ मुलांना अख्ख्या मुक्कामात एकही डोस मिळालेला नव्हता. उरलेल्या १२ जणांना मिळून २४ डोस. मग तिने तशाच दुखण्यांचे १८ प्रौढ रुग्ण घेतले आणि त्यांचेही मोजले. ते भरले ६७१. त्यातले ३७२ अफूच्या वर्गातल्या औषधांचे.

१९७७ साली हे आकडे छापून आले. त्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. बऱ्याच मुलांच्या कागदावर डॉक्टरांनी औषध लिहून ठेवलेलं होतं. लिहिलेलं औषध मुलापर्यंत पोचण्याआधी मधे एक माणूस असतं, ते म्हणजे सिस्टर. मी नोकरीभर सिस्टर घडवण्याचंच काम केलं, त्यामुळे या मधल्या जागेबद्दल हाताला लागेल ते वाचत आणि वहीत उतरवत आले.

*

ईलंडच्या काळातलं वैद्यकीय मत असं, की मुलांना फारसं दुखत नाही. १९६८ च्या एका लेखात दोन डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं की सर्वसाधारण शस्त्रक्रियेनंतर मुलांना वेदनाशामक क्वचितच लागतं, त्रास ती चांगला सोसतात. याला कारणंही दिली जात. मज्जातंतूंवरचं आवरण पुरतं तयार झालेलं नसतं, पुढे काही आठवत नाही, औषधाची चटक लागेल, श्वास मंदावेल. यातली श्वासाची भीती खरी आहे, तान्ह्या बाळात तर फारच. त्यावर उपाय डोस वजनानुसार मोजून देण्याचा आणि नंतर लक्ष ठेवण्याचा. लक्ष ठेवायला माणूस लागतं, आणि पुढची सगळी टिपणं या ना त्या वाटेने तिथेच येतात.

*

कंवलजीत आनंद इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालयातून शिकले आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. नवजात अतिदक्षता विभागात काम करताना त्यांना दिसे, की थिएटरमध्ये जाताना बरी असलेली बाळं परत येतात ती रंग उडालेली, नाडी ढासळलेली. तिथे बाळांना देत काय होते? हालचाल थांबवणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड. वेदना थांबवणारं औषध जवळजवळ नाहीच.

त्यांनी अपुऱ्या दिवसांची १६ बाळं घेतली. सगळ्यांचं ऑपरेशन एकच, हृदयाजवळची उघडी राहिलेली वाहिनी बांधण्याचं. निम्म्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला फेन्टॅनिल हे वेदनाशामक दिलं, निम्म्यांना नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांच्या रक्तात ताणाचे हार्मोन्स कितीतरी चढले, आणि नंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त. १९८७ च्या जानेवारीत हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळालाही भूल आणि वेदनाशमन द्यायला हवं, असं निवेदन काढलं. १९८७ म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्याला अठरा वर्षं झाली होती.

स्नायू शिथिल केलेलं बाळ रडू शकत नाही. आनंद यांनी रक्त तपासलं म्हणून तर कळलं.

*

रडण्याबद्दलच. नेदरलँड्समधल्या जो हामर्स यांनी परिचारिकांना चित्रफितीत मुलं दाखवून 'याला किती दुखतंय, काही द्याल का' असं विचारलं होतं. जे मूल तोंडाने व्यक्त होतं, त्याला जास्त दुखतंय असं ठरलं, आणि त्याला औषध मिळण्याची शक्यता वाढली. मोठ्या आजाराचं नाव लागलेल्या मुलाचंही तसंच.

बरोबरच आहे, असं वाटेल. पण वॉर्डात जाऊन बघा. मोठी चीर असलेलं मूल रडत नाही. रडायला पोट आत-बाहेर करावं लागतं आणि पोटावर टाके असतात. ते भिंतीकडे तोंड करून, गुडघे वर ओढून, श्वास अर्धा घेत पडून राहतं. खाऊ नको म्हणतं, मोबाइलवरचं कार्टूनही नको म्हणतं. रिपोर्ट देताना सिस्टर म्हणते, 'शांत आहे, काही कम्प्लेंट नाही.'

*

१९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये एक फिल्म केली. दोन वर्षांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात, आईविना. तेव्हा आई-वडिलांना भेटायला अगदी मोजक्या वेळा मिळत. मूल पहिल्यांदा रडतं, मग गप्प होतं आणि दवाखान्यातले म्हणतात, रुळलं. ते रुळलेलं नाही, खचलेलं आहे, हे रॉबर्टसन यांना दाखवायचं होतं. वैद्यकीय मंडळी आणि परिचारिका फिल्म पाहून चिडल्या. १९५९ च्या प्लॅट समितीने मात्र भेटीच्या वेळा खुल्या करा, अशी शिफारस केली.

आपल्याकडे हा प्रश्न कधी आलाच नाही. आपल्या बालवॉर्डात आई कॉटच्या कडेला, रात्री कॉटखाली सतरंजीवर. व्यवस्थेने तिला ठेवून घेतलं ते माणसं कमी म्हणून, हे खरं. तरी पाश्चात्त्यांनी भांडून मिळवलेली गोष्ट आपल्याला गरिबीने फुकट दिली, एवढं म्हणायला हरकत नाही.

*

रॉबर्टसन ज्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या मंडळींतले, त्यांच्यातल्याच इझाबेल मेन्झीस. पन्नासच्या दशकात लंडनच्या एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयाने त्यांना बोलावलं. तक्रार साधी होती. विद्यार्थिनी परिचारिकांना वॉर्ड आणि शिक्षण यांत कसं वाटायचं, ते काही जमेना. मेन्झीस आत गेल्या आणि त्यांना दिसला तो ताण. साधारण एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या.

या कामात भीती असणारच, हे त्यांनी धरूनच घेतलं. परक्या माणसाचं शरीर, त्याचं मलमूत्र, त्याचं मरण, त्याच्या नातेवाइकांचा राग, हे सगळं विशीतल्या मुलीच्या अंगावर येतं. त्यांनी विचारलं ते असं, की या भीतीचं रुग्णालय काय करतं? उत्तर त्यांनी १९५९-६० मध्ये लिहिलं आणि ते अजून जुनं झालेलं नाही. रुग्णालय कामाची अशी मांडणी करतं, की परिचारिका आणि रुग्ण यांची नीट गाठच पडू नये. एकीने सगळ्यांचं टेम्परेचर घ्यायचं, दुसरीने सगळ्यांच्या बेडपॅन, तिसरीने सगळ्यांची औषधं. म्हणजे प्रत्येक रुग्ण सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा येतो आणि कुणा एकीच्या वाट्याला पुरता येत नाही. रुग्णाला नावाने न ओळखता बेडने किंवा अवयवाने ओळखायचं. जीव लागायला लागला की वॉर्ड बदलायचा. निर्णयाचं ओझं नको म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची आणि शेवटी वरच्याला विचारायची. ज्याला झोपेने बरं वाटेल त्यालाही नेमाच्या वेळी उठवायचंच.

मेन्झीस यांचं म्हणणं, की ही चिलखतं कामी येत नाहीत. भीती जात नाही, ती नुसती दडते आणि कामातलं समाधान मात्र निघून जातं. ज्या मुलीला खरोखर सेवा करायची असते तीच आधी सोडून जाते.

वर्गात हे शिकवताना विद्यार्थिनी हसायच्या. 'मॅडम, आमच्या वॉर्डचं कुणी लिहिलंय हे?'

*

'चौदा नंबरचं अपेंडिक्स उठलं का?' हे वाक्य मी मराठीत ऐकलेलं आहे, आणि म्हणणारी सिस्टर अतिशय मायाळू होती.

*

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा, की शिकवणाऱ्या रुग्णालयात साधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकीकडे वॉर्डच्या वॉर्ड असतो. सरकारी दवाखान्यात एक रात्र काढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

आणि ती एकटी नुसती रुग्ण बघत नसते. चादरी मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या. इंडेंट भरायचं. कुणाचं रक्त आणायला मामाला, म्हणजे वॉर्डबॉयला, पाठवायचं, मामा नसेल तर नातेवाइकाला. सलाईन संपलं म्हणून तिकडून हाक, इंट्राकॅथ निघालं म्हणून इकडून हाक. नवीन ॲडमिशन आलं की त्याचे कागद. नातेवाईक चिडले तर पहिला आवाज तिच्यावर, कारण डॉक्टर त्या क्षणी समोर नसतात. वॉर्डातली निम्मी कामं जीएनएमच्या मुली करतात, त्या शिकायला आलेल्या असतात आणि राबतात. मेन्झीस यांच्या लंडनमध्येही वॉर्ड विद्यार्थिनींच्याच खांद्यावर होता.

अशा माणसाला तुम्ही म्हणता, दर चार तासांनी प्रत्येक मुलाजवळ थांबा आणि त्याला कुठे, किती, कसं दुखतंय ते विचारा. विचारलं तर उत्तर मिळणार. उत्तर मिळालं तर काही करावं लागणार. म्हणून माणूस विचारत नाही. यात दुष्टपणा शोधणाऱ्यांनी एक रात्रपाळी करून यावं.

*

नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधांची एक शैली आहे, ती आमच्या क्षेत्राबाहेर कुणाला ठाऊक नसेल. शीर्षकच पाहा: 'निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या अमुक विषयाच्या ज्ञानावर संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता'. आधी प्रश्नपत्रिका द्यायची. मग पाऊण तास तक्ते दाखवून शिकवायचं. आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं आपणच सांगितलेली असतात. निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक आहे. शिफारस: असे कार्यक्रम वारंवार घ्यावेत. मुलांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना, परिचारिकांचा ताण, हात धुणं, बेडसोअर, विषय कुठलाही घाला, साचा तोच. अशा प्रबंधांनी महाविद्यालयांची कपाटं भरलेली आहेत, आणि त्यातल्या काहींवर मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे. त्या मुलींना दुसरं काही करायची सवड, पैसा आणि परवानगी नव्हती.

ज्ञान वाढलं की मुलाचं दुखणं कमी होतं का, हे मात्र त्या साच्यात कधी मोजलं जात नाही. त्यासाठी प्रश्नपत्रिका सोडून वॉर्डात उभं राहावं लागतं.

*

इंग्लंडमध्ये ॲलिसन ट्वायक्रॉस तशी उभी राहिली. मुलांच्या सर्जिकल वॉर्डातल्या परिचारिकांचं ज्ञान तिने प्रश्नावलीने तपासलं आणि मग त्याच परिचारिकांचं काम पाहिलं. जिला जास्त माहीत आहे ती जास्त चांगलं वेदनाशमन करते, असं काही दिसलं नाही. हे २००७ साली छापून आलं. आमच्या कपाटांना त्याने हादरा बसायला हवा होता.

त्याआधी २००१ मध्ये अँजेला बर्न, ज्युडी मॉर्टन आणि पीटर सॅमन यांनी इंग्लंडमध्येच ऑपरेशन झालेल्या मुलांच्या वेदनेला परिचारिका कसा प्रतिसाद देतात, ते पाहिलं. त्यांच्या शीर्षकातच आहे, की हा रुग्णाच्या वेदनेपासून स्वतःचा बचाव. म्हणजे मेन्झीस पुन्हा आल्या, या वेळी मुलांच्या वॉर्डात. परिचारिकेचा ताण आणि मुलाचं दुखणं हे दोन वेगळे विषय धरून दोन वेगळे प्रबंध लिहायची आपली पद्धत मला तेव्हापासून पटेनाशी झाली.

*

आता रात्रीचे आठ.

लहान मुलाचं हर्निया, सुंता, न उतरलेलं वृषण, अशा कमरेखालच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ पाठीच्या अगदी तळाशी एक इंजेक्शन देतात. त्याला कॉडल म्हणतात. बुपिव्हॅकेन नावाचं औषध, कमरेखालचा भाग काही तास बधिर. फार चांगली सोय आहे. मूल थिएटरमधून हसत बाहेर येतं, आई म्हणते, 'अगं, याला काही कळलंच नाही!' सर्जन संध्याकाळच्या राऊंडला येतात, मूल बिस्किट खात असतं. सगळे खूश.

एकदाच दिलेलं कॉडल साधारण चार ते सहा तास टिकतं. ऑपरेशन दुपारी तीनला झालं असेल, तर बधिरपणा उतरणार सात ते नऊच्या दरम्यान. बहुतेक सरकारी रुग्णालयांत दुपारपाळी आठला सुटते आणि रात्रपाळी लागते. त्या वेळी जाणारी सिस्टर रिपोर्ट देत असते, येणारी घेत असते, दोघी टेबलाशी असतात आणि बस चुकेल या काळजीने एकीचं लक्ष घड्याळाकडे. नेमकं तेव्हा मूल रडायला लागतं. जाणारी म्हणते, 'दुपारभर छान होता गं.' ती खोटं बोलत नाही. येणारीला वाटतं, आता भूक लागली असेल, झोप आली असेल, आईने लाडावलंय. तीही काही वेडंवाकडं बोलत नाही. वॉर्डाची चक्कर मारून, नाड्या बघून, औषधांची ट्रॉली लावून ती परत त्या कॉटपाशी येते तेव्हा साडेनऊ झालेले असतात. औषध मिळालं की त्याला चढायला आणखी वेळ.

सहा वाजता, मूल हसत असताना, पॅरासिटामॉलचा डोस दिला असता तर हे झालं नसतं. पॅरासिटामॉल. ताप आल्यावर घरोघरी देतात ते.

*

मग दिला का नाही? कारण कागदावर 'एसओएस' लिहिलेलं असतं. गरज पडली तर.

या तीन अक्षरांवर माझा राग आहे. दिसायला ती शहाणपणाची वाटतात: उगाच औषध कशाला? पण ती काय काय कामं लावतात बघा. तीन वर्षांच्या मुलाने दुखतंय असं कळेल अशा रीतीने सांगायचं. आईने ते ओळखून उठायचं आणि सिस्टरला सांगायचं धाडस करायचं. सिस्टरने हातातलं काम टाकून यायचं, खरं दुखणं की नुसतं रडणं ते ठरवायचं, कागद बघायचा, मागचा डोस कधी दिला ते शोधायचं आणि आपल्या जबाबदारीवर द्यायचं. साखळीतली एक कडी निसटली की डोस गेला. ईलंडच्या त्या २५ पैकी बऱ्याच मुलांच्या बाबतीत घडलं ते हेच असावं.

'सहा तासांनी' असं लिहिलं की यातलं काहीच लागत नाही. अँटिबायोटिक देतात तसं ट्रॉलीबरोबर जातं. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांबाबत सांगितलेल्या तत्त्वांपैकी एक हेच होतं, औषध घड्याळावर द्या, दुखण्याची वाट पाहू नका. पहिले एक-दोन दिवस पॅरासिटामॉल वजनानुसार घड्याळावर, गरज असेल तर जोडीला दुसरं, आणि त्याहून तीव्र औषध तेवढं एसओएस. असं लिहिलं तर थकलेली, चिडलेली, एकटी सिस्टरसुद्धा चांगलं वेदनाशमन करू शकते. व्यवस्था अशीच असावी, चांगुलपणा संपलेल्या रात्रीही चालेल अशी.

*

'गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल.'

दर बालवॉर्डात, दर तासाला. म्हणणारी आई असते, आजी असते, कधी शेजारच्या कॉटवरची बाई. मूल गप्प बसतं. ईलंडच्याच काळापासून संशोधकांना हे माहीत आहे, की इंजेक्शन मिळेल या भीतीने मुलं दुखणं नाकारतात. तेव्हा वेदनाशामक बहुधा दंडात-मांडीत टोचूनच दिलं जाई. आता सलाईनमधून जातं, तोंडाने जातं, गुदद्वारातून सपोझिटरी असते. सुई गेली, धमकी राहिली. आणि सिस्टरचंही त्यात काय होतं, दिवसभर शंभर जणींच्या तोंडून आपलं नाव भीतीसाठी ऐकणाऱ्या बाईचं?

मुलग्यांसाठी वेगळं वाक्य आहे, ते सर्वांना पाठ आहे.

*

चेहऱ्यांची पट्टी. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात भाजलेल्या मुलांच्या विभागात काम करताना डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती केली. सहा गोल चेहरे, हसऱ्यापासून अश्रू ढाळणाऱ्यापर्यंत. कुठलाही दवाखाना घ्या, भिंतीवर असते. तिच्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. दुखत नसलेलं पण आईसाठी हिरमुसलेलं मूल हसरा चेहरा निवडणार नाही, आणि खूप दुखूनही न रडणारा मुलगा अश्रूंचा चेहरा दाखवणार नाही. २००१ मध्ये सुधारून आलेल्या दुसऱ्या एका पट्टीत म्हणून हसूही नाही आणि अश्रूही नाहीत. न बोलणाऱ्या बाळांसाठी 'फ्लॅक' आहे, मिशिगन विद्यापीठात १९९७ साली केलेली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटते का, प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहापैकी. ही मात्र वापरायला खरोखर सोपी.

साधनं आहेत. पण वेदनेचा रकाना पाळी संपताना एकदम भरला जातो: दोन, दोन, दोन, दोन. रकाना रिकामा असेल तर तपासणीला आलेले विचारतात, त्यात दोन असेल तर कुणी विचारत नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकात वेदनेला नाडी, श्वास, तापमान, रक्तदाब यांच्या पंगतीला पाचवी म्हणून बसवलं. आकडा दिसला की गोळी, असं होत गेलं, अफूवर्गीय औषधांचा सुळसुळाट झाला, आणि २०१६ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेने ती कल्पना सोडून दिली. आपल्याकडे आकडा दिसल्यावर काहीच होत नाही. आजार उलटा आहे, रकाना तोच.

*

मॉर्फिनचं कपाट. दुहेरी कुलूप, वेगळं रजिस्टर, दोन सह्या, रिकामा ॲम्प्यूल परत. १९८५ च्या अमली पदार्थांबाबतच्या एनडीपीएस कायद्याची छाया. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, पण धास्ती कुठल्या राजपत्राने सैल होते? एखाद्या ॲम्प्यूलचा हिशेब लागला नाही तर उत्तर सिस्टरला द्यावं लागतं. दुखणाऱ्या मुलाचा हिशेब कुणी मागत नाही. तेव्हा कपाट उघडायचं टाळलं जातं, हे साधं गणित आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात कायदेशीर अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. देशात माल आहे, वॉर्डात नाही.

*

अफूच्याच वर्गातलं कोडीन मात्र मुलांना नको. शरीर त्याचं मॉर्फिन करतं. काहींच्या यकृतात हे फार झपाट्याने होतं, आणि टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर अशी काही मुलं दगावली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. घरातली उरलेली खोकल्याची बाटली कुणी 'दुखण्यावर पण चालते' म्हणून काढली, तर तिच्यावरचं नाव वाचून घ्या.

*

बाळांना पुढे काही आठवत नाही म्हणणाऱ्यांसाठी: टोरांटोच्या ॲना टॅडिओने १९९७ मध्ये दाखवलं, की जन्मल्यावर भुलीशिवाय सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त विव्हळतात. बधिर करणारं मलम लावलेल्यांत हे कमी.

*

ताण मोजायची पट्टी कॅलिफोर्नियाच्या क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये दिली. मन रितं होणं, समोरच्याला माणूस न मानणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, या तिच्या तीन बाजू. मधली बाजू आणि मी ऐकलेलं 'चौदा नंबरचं अपेंडिक्स' एकच.

पण मला ताणाच्या पट्टीपेक्षा लिंडा एकेन यांचं काम जास्त कामाचं वाटतं. त्यांनी पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं घेतली आणि एका परिचारिकेमागे रुग्ण किती, ते पाहिलं. एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्या प्रौढ रुग्णाच्या ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका बर्नआउट होण्याची २३ टक्क्यांनी. २००२ सालचा निबंध. एकाच आकड्याला रुग्ण आणि परिचारिका दोघे बांधलेले. आपल्याकडे सिस्टरच्या ताणावर उपाय म्हणून योगाचं शिबिर भरवतात, तेही ड्यूटी संपल्यावर. योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण तीस मुलांमागे एक सिस्टर असताना तिला श्वास मोजायला सांगणं हा अपमान आहे.

*

पदं भरायला सरकार लागतं. पण एसओएस खोडून 'दर सहा तासांनी' लिहायला एक पेन लागतं. कॉडल दिल्याची वेळ केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला, आणि पाळी बदलताना टेबलाऐवजी कॉटपाशी उभं राहून रिपोर्ट द्यायलाही पैसे पडत नाहीत. हे डॉक्टर, परिसेविका आणि अधिसेविका यांनी एका बैठकीत ठरवण्यासारखं आहे. ज्या वॉर्डांनी ठरवलं तिथे ते चालतंही.

आणि आई-बाबांनो, तुमच्या मुलाचं ऑपरेशन झालं, की सिस्टरना 'दुखणार नाही ना?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'नाही हो' एवढंच येतं. विचारा, 'भुलीचा असर किती वाजता उतरेल आणि दुखण्याचं पुढचं औषध किती वाजता आहे?' ती वेळ कागदावर लिहून घ्या आणि त्याच्या दहा मिनिटं आधी टेबलापाशी जाऊन नम्रपणे आठवण करा. सिस्टर रागावणार नाहीत. रागावल्या तरी डोस मिळेल.